चांगला पाय आधी

बाईंनी दुखऱ्या पायाचा फोटो आधी काढला, असे मी कधी पाहिले नाही. घोडा तीन पायांवर उभा असो, मालक घायकुतीला आलेला असो, तरी बाई यंत्राची पेटी उघडीत आणि म्हणत, "चांगला पाय आधी." मालकाचा चेहरा पडे. एवढे यंत्र आणले आणि बाईंना पाय ओळखता येत नाही, असा त्या चेहऱ्याचा अर्थ असे.

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत वरातीची घोडी बाळगणारे एक वृद्ध गृहस्थ होते. सारी पेठ त्यांना चाचा म्हणे. त्यांनी तर बाईंचा हातच अडवला. "अरे बाई, दुखरा सो पाँव ये हय. तुमे उस पाँव का फोटू कायको लेरें?"

"चाचा, चांगला पाय म्हणजे ज्याची तक्रार अजून आलेली नाही तो पाय," बाई म्हणाल्या. "यापेक्षा जास्त मी काही मानत नाही."

फोटो निघाला. चांगल्या पायातही आजार शिरलेला होता. एक पाय मोठ्याने ओरडत होता म्हणून दुसऱ्याचे कण्हणे कोणाला ऐकू गेले नव्हते, इतकेच. चाचा यंत्राच्या पडद्यावर वाकले आणि म्हणाले, "मतलब घोडी बी झूट बोली?"

"बोलते की," बाई म्हणाल्या. "सगळेच बोलतात."

या बाई पशुवैद्य होत्या. जनावराच्या शरीरात यंत्राने डोकावून रोग ओळखण्याचे उच्च शिक्षण त्यांनी घेतले होते. क्ष-किरणाचे यंत्र, सोनोग्राफी, उष्णता दाखवणारा कॅमेरा असा सगळा संसार त्यांच्या चारचाकीच्या मागच्या भागात मावे. जिल्ह्यातले घोडेवाले त्यांना फोटोवाल्या बाई म्हणत. मी नुसते बाई म्हणे. मी सरकारी पशुवैद्यकीय सेवेतून निवृत्त झाल्यावर पेठेतल्या एका तळमजल्यावरच्या खोलीत दवाखाना थाटला होता. तो अजून चालतो.

पहिल्या दिवशी त्या तिथे आल्या तेव्हा खुर्चीवर बसण्याआधी त्यांनी ती हलवून पाहिली. मग बसल्या.

"सर, लंगडणारा पाय तुम्ही कसा ठरवता?"

"पाहून."

"आणि चुकलात तर?"

"पुन्हा पाहून."

"मग आपलं जमेल," त्या म्हणाल्या.

मला तशी खात्री नव्हती. यंत्रांचे मला वावडे नाही. यंत्र घेऊन येणाऱ्यांचे आहे. जनावराच्या नावाने आलेली पुष्कळ माणसे मी नोकरीत पाहिली. त्यांपैकी बहुतेकांना पुढे जनावराची आठवण राहिली नाही. त्यातून या बाई मोठ्या शहरातल्या शर्यतीच्या घोड्यांच्या दवाखान्यातील नोकरी सोडून आलेल्या. करमाळ्याच्या एका शिक्षकाची मुलगी सोलापुरात परत येते, तेही घोड्यांसाठी, हे कोणाला पटण्यासारखे नव्हते. कोणी म्हणे, तिकडे काही भानगड झाली असणार. कोणी म्हणे, ही दलालांची हेर आहे. कोणाच्या घोड्यात काय खोट आहे ते पाहून पुढे पोचवते. मी अफवा पसरवीत नाही, पण कानही बंद ठेवीत नाही. एकदा सरळ विचारले.

"तिथं फोटो मालकासाठी काढायचा," त्या म्हणाल्या. "घोडा ठेवायचा का विकायचा, एवढंच सांगायचं. बरा कसा होईल हे कुणी विचारलं नाही."

"इथे विचारतील?"

"नाही विचारणार. पण मी सांगितलं तर गप्प बसवणारं तरी कुणी नाही."

उत्तर इतके पटण्यासारखे होते की माझी शंका वाढली.

घोड्याच्या खुराविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे. खुराच्या कठीण कवचाच्या आत एक लहान हाड असते. नाजूक पडद्यांनी ते कवचाच्या भिंतीला टांगलेले असते. घोड्याने भलते दाणे खाल्ले, ताप आला, किंवा एका पायावरच फार काळ भार पडला, की या पडद्यांना सूज येते. ते सुटू लागतात. मग हाड कलते आणि त्याचे टोक खाली तळव्याकडे सरकते. बाहेरून खूर जसाच्या तसा दिसतो. म्हणूनच हा आजार विकणाऱ्याच्या सोयीचा. दुखणे दाबणारी सुई टोचली की कललेल्या हाडाचा घोडाही बाजारात चार पावले ऐटीत टाकतो. उष्णतेचा कॅमेरा तापलेला खूर दाखवतो खरा. पण सकाळी ओल्या गोणपाटात पाय गुंडाळून ठेवला की तोही गप्प बसतो. बाईंना हे सारे डाव ठाऊक होते. म्हणून कॅमेरा काढण्याआधी त्या खुरावर हात ठेवीत, आणि खूर ओला लागला की सावलीत जाऊन बसत. "वाळू दे," म्हणत. मालक सांगे, माशा बसत होत्या म्हणून धुतला. "धुवा की," बाई म्हणत. "मला वेळ आहे."

त्यांची कामाची पद्धत पाहायला गल्ली जमे. क्ष-किरण खुराच्या पातळीवर आडवे जावेत म्हणून खूर जमिनीपासून उचलून ठेवावा लागतो. परदेशात त्यासाठी खास ठोकळे मिळतात. बाईंनी जेवणाचे दोन जाड सागवानी पाट घेतले होते. घोडी पाटावर उभी राहिली की कोणीतरी हमखास विचारी, "बाई, औक्षणाचं ताट आणू का?" बाई म्हणत, "आणा. नवरी लंगडी आहे, ते मात्र आधीच सांगून ठेवा." मग खुराच्या पुढच्या भिंतीवर त्या एक तार चिकटवीत. फोटोत तार आणि हाड यांच्या रेषा जुळतात की फाकतात, यावरून हाड किती कलले ते मोजता येते. पण या सगळ्याआधी खुराच्या तळव्यावरच्या खोल खाचा स्वच्छ करून त्यांत गव्हाची घट्ट कणीक भरीत. खाचेत हवा राहिली तर फोटोत तिची काळी रेघ उमटते आणि ती रेघ हाडावर पडली तर हाड मोडल्यासारखे दिसते. कणकेने ती फसगत टळते. बायका पदराआड हसत. खुराला कणीक, मग पुरणही भरा म्हणत.

घोड्यांच्या बाजारात तर बाईंचा अविश्वास आणखी धारदार होई. फोटो काढताना त्या घोड्याचे तोंड, कपाळावरचे भोवरे आणि समोरचा खूर एकाच चौकटीत घेत. भोवऱ्यांवरून शुभाशुभ पाहणारे विक्रेते खूश होत. बाईंनाही त्यातले कळते असे त्यांना वाटे. बाई ते ओळख पटवण्यासाठी घेत. एका विक्रेत्याने सकाळी तपासायला एक घोडा दिला आणि दुपारी सौद्याला त्याचाच जुळा शोभेल असा दुसरा आणला. बाईंनी कपाळावरचे केस बाजूला सारले आणि विचारले, "ह्याचा एक भोवरा जेवायला गेला का?" विक्रेता घोडा घेऊन निघून गेला. मला बाईंचे कौतुक वाटले असे मी म्हणणार नाही. मी त्या दिवसापासून त्यांच्यावर अधिक बारीक लक्ष ठेवले. इतके बारीक पाहणाऱ्याने मनात आणले तर फसवणेही तितकेच बारीक करता येते.

पण फोटोचा गर्व त्यांना नव्हता. "फोटो म्हणजे सावली, सर," त्या म्हणत. "सावली बघून माणूस ओळखावा. लग्न ठरवू नये." मोठ्या शहरांत आता घोड्याला उभ्यानेच यंत्रात घेऊन खुराचे काप काप करून दाखवतात, असे त्यांनी मला सांगितले. तसे यंत्र इथे असते तर किती बरे झाले असते, असे मी म्हणालो. "असतं तर मी त्याच्यावर पण संशय घेतला असता," बाई म्हणाल्या, आणि त्यात विनोद नव्हता.

बाईंची खरी पारख मला नातेपुत्यात झाली. तिथे आडतीचा धंदा करणारे एक गृहस्थ होते. त्यांना सगळे तात्या म्हणत. शेतकऱ्यांचे धान्य बाजारात विकून देणे हा त्यांचा व्यवसाय आणि कोणाच्याही पोत्यावर विश्वास न ठेवणे ही त्यांची रीत. पोत्यात लोखंडी नळी खुपसून तळाचे दाणे बाहेर काढल्याखेरीज ते भाव बोलत नसत. या माणसाचा जीव एका जनावरावर होता. हरणी नावाची घोडी. आई मेल्यावर तात्यांनी तिला बाटलीने दूध पाजून वाढवले होते. एका उन्हाळ्यात ती दावे सोडवून गोदामात शिरली आणि मक्याच्या फुटक्या पोत्यात तोंड घालून पोटभर जेवली. मग जे व्हायचे ते झाले. पुढचे दोन्ही खूर तापले, त्यांतला उजवा अधिक. घोडी पुढचे पाय ताणून, सारा भार मागे टाकून उभी राही, नाहीतर आडवी पडून राही. मी बर्फ लावला, औषधे दिली, वाळूत ठेवली. उतार पडेना.

"डॉक्टर, बाकीचं ऱ्हाऊ द्या," तात्या म्हणाले. "घोडी जगंल का न्हाय, एवडं सांगा. जगनार नसंल तर तिला अशी लोळत ठिवनार न्हाय मी."

हाड किती कलले आहे ते पाहिल्यावाचून सांगता येणार नाही, असे मी म्हणालो आणि बाईंना बोलावले.

तात्यांनी यंत्राभोवती एक फेरी मारली. "बाई, ह्या मशिनीचा काटा कोन तपासतं?"

"मीच तपासते. रोज."

"म्हंजी कुलूप चोरानंच तपासायचं."

बाई हसल्या. त्यांना हसताना मी तेव्हा प्रथम पाहिले. इतक्या वर्षांत त्यांना हा प्रश्न विचारणारा पहिला मालक भेटला होता.

ऊन वर आले होते. बाईंनी तात्यांच्या पत्नीकडे गव्हाची कणीक घट्ट मळून मागितली. वहिनींनी आतून एक गोळा आणून दिला. बाईंनी दोन्ही खुरांत तो भरला, पाय बधिर होण्यासाठी सुया दिल्या आणि नेहमीप्रमाणे चांगला पाय आधी घेतला. त्याचा फोटो बरा निघाला. हाड थोडे कलले होते, फार नाही. पण मग घोडी अडून बसली. उजवा पाय उचलीना. तात्यांनी तिला चुचकारले, गूळ दिला, शिव्या दिल्या. पुष्कळ वेळ गेला. शेवटी तिने पाय पाटावर ठेवला, आणि सारवलेल्या अंगणात पाट सरकला. घोडी गुडघ्यावर आली. खूर ओट्याच्या दगडावर आपटला. आम्ही तिला सावरून पुन्हा उभी केली. बाईंनी फोटो काढला.

"बोला की बाई. काय दिसतंय?"

घोड्याशेजारी उभे राहून निदान सांगायचे नाही, असा बाईंचा नियम होता. त्या दिवशी त्यांनी तो मोडला. पडद्याकडे पाहत त्या म्हणाल्या, "हाड मोडलंय. आडवं. सांध्यापर्यंत."

तात्यांनी घोडीच्या मानेवरचा हात काढला नाही. "ते आदीच मोडलं हुतं, का आत्ता तुमच्या पाटावरनं घसरून मोडलं?"

बाई पडदा उचलून बाजूला गेल्या. मीही तोच विचार करीत होतो आणि तो माझ्या चेहऱ्यावर दिसत असावा. कललेले हाड एकवेळ सावरता येते. कललेले आणि सांध्यापर्यंत मोडलेले हाड घेऊन एवढे मोठे जनावर उभे राहू शकत नाही. तात्यांना हे समजावून सांगावे लागले नाही.

"मग कशाला झुलवायचं? डॉक्टर, करा तिला मोकळी."

मी पेटी उघडली. बाई अंगणाच्या कडेला पडदा घेऊन बसल्या होत्या. पाट सरकला तो त्यांचा होता. मला आता कळते की स्वतःवर संशय घेण्याची सवय असलेला माणूस वाईट बातमीवर फार चटकन विश्वास ठेवतो. इतर कोणी ते हाड मोडले म्हटले असते, तर बाईंनी त्याला चार प्रश्न विचारले असते.

मी औषध सिरिंजमध्ये घेत होतो.

"सर, थांबा."

"कशासाठी?"

"रेघ हाडाच्या बाहेर जातेय."

मी चष्मा लावला. खरे होते. काळी रेघ हाडावरून आडवी गेली होती आणि हाड संपल्यावरही दोन्ही बाजूंना थोडी पुढे गेली होती. मोड हाडात असते. हाड संपले की मोडही संपायला हवी.

बाईंनी उठून घोडीचा उजवा खूर हातात घेतला आणि तळवा वर केला. खाचांत भरलेला गोळा उन्हाने वाळून मधोमध फुटला होता. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत भेग. त्यांनी बोटाच्या पेराने एक तुकडा उचलून चुरला. "हे गव्हाचं नाही."

"गहू दळाया टाकल्यात," वहिनी दारातून म्हणाल्या. "भाकरीला भिजवल्यालं जोंधळ्याचं पीट हुतं, त्येच दिलं. खुरात तर भरायचं हुतं. घोडी काय चव बघती व्हय?"

गव्हाची कणीक धरून राहते. जोंधळ्याचे पीठ वाळले की फुटते. करमाळ्याच्या मुलीला हे कोणी शिकवायचे नव्हते. भाकरी थापतच ती मोठी झालेली. दोन्ही खूर एकदमच भरल्यामुळे चांगल्या पायाचा फोटो ओल्या पिठावर निघाला, आणि दुखऱ्या पायातले पीठ तेवढा सगळा वेळ वाळत राहिले. ज्या बाईंनी माणसांवर, घोड्यांवर आणि यंत्रांवर सारखाच संशय घेतला, त्यांनी हातात आलेल्या पिठाच्या गोळ्याकडे पाहिले नाही. घरातून आलेल्या वस्तूवर कोण संशय घेतो?

त्यांनी वाळलेला गोळा अलगद, अख्खा बाहेर काढला आणि ओट्यावर ठेवला. शेजारच्या घरून कणीक आणवली. खूर पुन्हा भरला. पाटाखाली गोणपाट अंथरले. फोटो काढला. हाड कललेले होते, पण रेघ नव्हती.

"मोडलेलं नाही," बाई म्हणाल्या. "मघाशी माझी चूक झाली."

येथे सगळे आनंदले असते तर ती गोष्ट झाली असती. तात्या आडत्ये होते.

"मगाशी मोडलं म्हनला, आता न्हाय म्हनता. कुटलं खरं धरायचं?"

"दुसरं."

"का? पयलं बी तुमीच काडलं की."

प्रश्न योग्य होता. मी बाईंची बाजू घेतली नाही.

"बाई, तुमचं मन ऱ्हावं म्हनून मी हिला आनि उन्हाळाभर लोळवू?" तात्यांचा आवाज चढला. "आनि मग तुमी तिसरा फोटू काडून म्हननार, मोडलंच हुतं. हिनं भोगायचं आनि आमी फोटू बगायचं. न्हाय. डॉक्टर, सुई द्या तुमी."

सिरिंज माझ्या हातात होती. घोडी तात्यांची होती. बाई विनवण्या करतील असे मला वाटले. त्यांनी केल्या नाहीत.

"तात्या, पोतं तोलायच्या आधी तुम्ही काय तोलता?"

"बारदान. रिकामं पोतं. त्याचं वजन वजा केल्याबिगर दान्याचं कसं कळंल?"

"मग आपण बारदान तोलू."

त्यांनी तो वाळका गोळा उचलून नुसताच यंत्रासमोर ठेवला. आपल्या अंगावरचा शिशाचा जड ॲप्रन काढून तात्यांना चढवला. आम्हां सगळ्यांना मागे सारले आणि स्वतःही अंगणाच्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. "बटण तुम्ही दाबा. मी हात लावणार नाही."

तात्यांनी बटण दाबले. मग ते पडद्यावर वाकले. त्यावर खूर नव्हता, हाड नव्हते, घोडी नव्हती. पिठाची फिकट सावली होती आणि तिच्यात तीच काळी रेघ आडवी पडली होती. तात्यांनी गोळा हातात घेतला, भेग पाहिली, पडदा पाहिला, पुन्हा भेग पाहिली.

"मोडलंय ते पीट हाय," वहिनी दारातून म्हणाल्या. "द्या आता त्यालाच सुई."

मी सिरिंज पेटीत ठेवली.

त्यानंतर बाईंनी पायाच्या शिरेत एक द्राव सोडून आणखी फोटो घेतले. त्यांत खुरातल्या रक्तवाहिन्या झाडाच्या मुळ्यांसारख्या पांढऱ्या उमटतात. हाडाच्या टोकाशी मुळ्या तुटलेल्या होत्या, पण बाकी ठिकाणी पोचत होत्या. "आशा आहे," बाई म्हणाल्या. "थोडी आहे. जास्त ऐकू नका." नालबंदाला बोलावून त्यांनी उजव्या खुराला नाल उलटी ठोकून घेतली, म्हणजे टोकावरचा भार कमी होतो. गावात लगेच चर्चा सुरू झाली. उलटी नाल चोराच्या घोड्याला असते, माग उलटा दिसावा म्हणून. तात्यांनी ती चर्चा थांबवली नाही. त्यांना ती आवडत असावी.

हरणी उभी राहिली. पावसाळा संपता संपता अंगणातून गोठ्यापर्यंत चालू लागली. ती पळाली मात्र पुन्हा कधी नाही.

तात्यांचा बाईंवर विश्वास बसला असे मी लिहिले तर ते असत्य होईल. दर काही आठवड्यांनी ते बाईंना बोलावीत आणि प्रत्येक वेळी भांडत. आधी नुसत्या कणकेचा फोटो काढायला लावीत. तारेची लांबी स्वतः मोजत. मागचा आणि आताचा फोटो शेजारी ठेवून, "हितं बोटभर फरक कसा?" म्हणून विचारीत. माझे मत असे की या माणसाने डोळे मिटून भरवसा टाकला असता तर दुसऱ्या महिन्यातच आळस केला असता. संशय होता म्हणून तो चुकला नाही, आणि तो चुकला नाही म्हणून घोडी वाचली.

बाईंच्यात एकच फरक पडला. त्या गव्हाचे पीठ घरून डब्यात आणू लागल्या, आणि नव्या मालकाला पहिल्याच भेटीत नातेपुत्याची चूक स्वतः सांगू लागल्या. मला ते अनावश्यक वाटले. लोक घाबरतील, मी म्हणालो.

"घाबरू देत. माझ्यावर संशय घ्यायला लागणारं सामान लोकांकडं असू दे, सर. नाहीतर ते भलत्या गोष्टींवर घेतात."

पुढे त्यांना दूरच्या एका महाविद्यालयात शिकवण्याची जागा मिळाली. मी अभिनंदन केले. इथून गेल्या म्हणजे अफवा खऱ्या होत्या, असे पेठेत काहींनी ठरवूनही टाकले. जाण्याआधी त्या माझ्याबरोबर नातेपुत्याला गेल्या. तात्या अंगणात पाट मांडून तयार होते.

"आज फोटोची गरज नाही, तात्या. बरी चालतेय."

"काडा."

"कशाला उगाच?"

"काडा म्हनतो की. तुमच्या मागनं जो कोन यील, त्याचा काय भरवसा?"

बाई खाली बसल्या आणि तार चिकटवू लागल्या. ते काम एरवी त्या चटकन करीत. त्या दिवशी तार तीनदा निसटली. मी दुसरीकडे पाहिले.

यंदाच्या थंडीत तात्यांनी मला बोलावले. हरणी म्हातारी झाली होती. जुने दुखणे उलटले होते आणि ती उठत नव्हती. मी तपासले. वेळ आली होती, आणि तात्यांना ती माझ्या आधी कळली होती. ते म्हणाले, "बाईस्नी इचारू एकदा." मी हो म्हणालो. त्यांनी फोन लावून माझ्या हातात दिला.

"उठते का, सर?" बाईंनी विचारले.

"नाही."

"खाणं?"

"कालपासून बंद."

"तळव्यातून हाड दिसतंय?"

"दिसते. दोन्ही पायांत."

पुढे प्रश्नांची सरबत्ती होणार, हे मी धरून चाललो होतो. कोणत्या कोनातून, कोणत्या उजेडात, सुई कधी दिली होती, खूर ओला होता का. म्हणून मी दोन्ही खुरांचे फोटो मोबाइलवर आधीच काढून ठेवले होते. "फोटो पाठवतो," मी म्हणालो.

"नको," बाई म्हणाल्या. "तुम्ही बघितलंय ना. पुरे."

मी फोन तात्यांना परत दिला. त्यांनी तो बंद केला नाही. तसाच चालू ठेवून सदऱ्याच्या खिशात घातला, खाली बसले आणि घोडीचे तोंड मांडीवर घेतले. मी माझे काम केले. त्याला फार वेळ लागत नाही. नंतर मी तिच्या छातीवर नळी ठेवून ऐकले, थांबलो, पुन्हा ऐकले, आणि तात्यांकडे पाहून मान हलवली.

तात्यांनी हनुवटी खिशाकडे वळवली. "झालं, बाई."

थोड्या वेळाने पलीकडून फोन बंद झाल्याचा आवाज आला.